दुर्बीण घेण्याआधी पल्ला मोजा

बंदुकीवर बसवायची दुर्बीण, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत स्कोप, घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "किती एक्सची आहे?" हा. गिऱ्हाईक सुपा-पारनेर पट्ट्यातलं असेल तर पुढचं वाक्यही ठरलेलं असतं : "मोठ्यात मोठी दाखवा." त्याचंही चूक नाही. नगर-पुणे रस्ता सोडून सुप्याच्या आत वळलं की माळ सुरू होतो. झाड विरळ, आडोसा नाही, समोरच्या टेकडीवरच्या पवनचक्कीची पाती मोजता येतात. एवढी लांब नजर जाते तर दुर्बीणही तेवढीच लांबची हवी, असं वाटणारच. पण नजर जाते तो पल्ला वेगळा आणि गोळी कायद्यानं नि सुरक्षितपणे झाडता येते तो पल्ला वेगळा. दुर्बीण या दुसऱ्या पल्ल्यासाठी घ्यायची असते.

तो पल्ला आपल्याकडे किती आहे ते आधी स्पष्ट करू. घराच्या आवारात किंवा गोठ्यामागे, भक्कम भिंतीसमोर एअरगन चालवणाऱ्याचा पल्ला १० ते २५ मीटर. रेंजवर पॉइंट टू-टू रायफल चालवणाऱ्याचा ५० मीटर. ३०० मीटरच्या मोठ्या बोअरच्या स्पर्धा देशात होतात, पण त्या मुख्यतः लष्कराच्या रेंजवर. महूचं आर्मी मार्क्समनशिप युनिट हे त्यातलं मोठं नाव. सुप्याहून तोफांचे आवाज ऐकू येतात ते के. के. रेंजचे. नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांना भिडलेलं हे क्षेत्र रणगाड्यांच्या सरावासाठी आहे, तुमच्या-माझ्या बंदुकीसाठी नाही. तेव्हा परदेशी व्हिडिओत हजार मीटरवर लोखंडी पाटी वाजवणारा गडी ज्या स्कोपचं कौतुक करतो, तो स्कोप सुप्यातल्या माणसाच्या जवळपास कधीच कामाचा नसतो.

आता शिकारीचं. लांब पल्ल्याच्या स्कोपची जाहिरात नव्वद टक्के शिकारीच्या चित्रावर चालते, म्हणून हे सुरुवातीलाच बोललेलं बरं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून हौसेनं शिकार करण्याची वाट बंद झाली. चिंकारा, काळवीट, बिबट्या हे पहिल्या अनुसूचीतले प्राणी. त्यांच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांचा तुरुंगवास आहे. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते बंदूकवाल्यांना फारसं ठाऊक नसतं. गुन्हा सिद्ध झाला तर ज्या शस्त्रानं तो केला त्याचा परवाना रद्द करण्याचा आणि पुढची ५ वर्षं नवा परवाना न देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. तितर आणि ससाही संरक्षित आहेत. "एअरगननं मारलं, ती काय खरी बंदूक आहे का" हा बचाव तिथे चालत नाही.

रानडुकरांनी मका लोळवला, बिबट्यानं शेळी नेली, ही पारनेर तालुक्यातली खरी दुखणी आहेत आणि ती शहरातल्या लेखकानं हसण्यावारी नेऊ नयेत. पण त्यावरचा उपाय स्कोप नाही. पीक नासवणाऱ्या रानडुकराबाबत परवानगी द्यायची ती वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्यानं, लेखी आणि अटींसह. बिबट्या दिसला तर वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे. पंचनामा झाला तर भरपाई मिळते. बिबट्याला गोळी लागली तर मात्र भरपाई राहते बाजूला आणि शेतकरीच आरोपी होतो.

शिकार अशी वजा केली की उरतं ते कागदी लक्ष्य, आणि निवड एकदम सोपी होते. तरी खरेदीआधी आणखी एक गोष्ट विचारा : मुलाला नेमबाजीत पुढे जायचंय का? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. त्यानंतर गावोगावच्या पोरांना रायफल हवीशी वाटू लागली. पण स्वप्नीलच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, तिच्याही नव्हती. अंजली भागवतच्याही नाही, रुद्रांक्ष पाटीलच्याही नाही. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत भिंग असलेली साइट रायफलीवर चालतच नाही. मागे बारीक छिद्राची पीपसाइट, पुढे गोल कडी आणि मधे लक्ष्याचा काळा ठिपका, एवढ्यावरच नेम धरायचा. १० मीटर एअर रायफलला दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा, तोही असाच टिपायचा. नवशिक्यांसाठी ओपन साइटची वेगळी स्पर्धा असते. त्यामुळे मुलगा किंवा मुलगी बालेवाडीच्या रेंजवर उतरणार असेल तर स्कोपचे पैसे चांगल्या नेमबाजी जाकिटात घाला आणि पुढचा लेख वाचू नका. वाचलाच तर शेवटाकडचा स्पॉटिंग स्कोपचा भाग वाचा, तेवढा उपयोगी आहे.

आता जे स्वतःच्या आनंदासाठी, रेंजवर किंवा घरच्या सुरक्षित आवारात कागदावर ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, पाडतात, त्यांच्यासाठी.

३-९×४० असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ : चित्र तीनपट ते नऊपट मोठं दिसेल आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे. व्यासाला पटीनं भागा. ४० भागिले ९ म्हणजे साधारण ४.४ मिलिमीटर. एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत मागून बाहेर पडतो. भर उन्हात माणसाची बाहुली २ ते ३ मिलिमीटर उघडते, अंधारात तरुण माणसाची ७ पर्यंत जाते, पन्नाशीनंतर त्याहून कमी. म्हणजे दिवसा, रेंजवर, ४० मिलिमीटरचं भिंग नऊ पटीला पुरून उरतं. ५६ मिलिमीटरचं परातीएवढं भिंग घ्यायचं कारण उरत नाही. ते जड होतं, उंच रिंगा लागतात, आणि गाल रायफलीच्या दस्त्यावर टेकण्याऐवजी हवेत राहतो. गाल हलला की नेम हलला.

सुप्यात पट कमी ठेवण्याचं दुसरं आणि जास्त मोठं कारण आहे : ऊन. फेब्रुवारी उलटला की सकाळी दहा-साडेदहानंतर माळावरची जमीन तापते आणि तिच्यावरची हवा उकळत्या पाण्यासारखी थरथरते. साध्या डोळ्यांना ती रस्त्यावरच्या मृगजळाएवढीच दिसते. स्कोपमध्ये मात्र तो थरथराटही तेवढ्याच पटीनं मोठा होतो. बारा-चौदा पटीच्या वर गेलात तर एप्रिलच्या दुपारी लक्ष्याची काळी वर्तुळं नाचायला लागतात, आणि तुम्ही २४ पटीच्या स्कोपवर खर्च केलेले पैसे पट कमी करायची रिंग फिरवण्यात जातात. ५० मीटरला ६ ते ९ पट पुष्कळ. १०० मीटरला १२. दुपारी चित्र नाचू लागलं की पट उतरवायची, बास.

मात्र हा थरथराट शत्रूच आहे असं नाही, त्याच्यावरून वारा वाचता येतो. लाटा डावीकडून उजवीकडे वाहत असतील तर वारा तसा आहे. त्या सरळ वर उकळत असतील तर वारा नाही, किंवा तुमच्या रेषेतच पुढून-मागून आहे. जोराचा वारा सुटला की लाटा पसरट होऊन विरतात. सुपा-पारनेर भागात पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या वाऱ्याचा प्रदेश म्हणूनच, आणि पावसाळ्यात इथला पश्चिमेचा वारा रेंजवरच्या झेंड्याला उसंत देत नाही. साध्या वेगाच्या पॉइंट टू-टू गोळीला ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा १०० मीटरवर सुमारे १० सेंटिमीटर ढकलतो. ५० मीटरवर हेच सरकणं साधारण चौथाई होतं. ज्याला हे कळलं तो वाऱ्यावर उपाय म्हणून महाग स्कोप घेत नाही. लक्ष्याजवळ चार-दोन पातळ कापडी पट्ट्या बांधतो.

आता ज्या गोष्टीवर दुकानात कोणी बोलत नाही आणि जिच्यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं ती, पॅरॅलॅक्स. स्कोपमधली फुली आणि लक्ष्याचं चित्र एकाच प्रतलात पडलं नाही तर डोळा इकडेतिकडे झाला की फुली लक्ष्यावरून सरकते. रायफल हललेली नसते, तरी. बहुतेक स्वस्त स्कोप १०० मीटरच्या आसपास बांधून ठेवलेले असतात. असा ४० मिलिमीटरचा स्कोप ५० मीटरवर वापरला आणि डोळा पार कडेला गेला तर वाईटात वाईट १० मिलिमीटरची चूक होते. ५० मीटरच्या रायफल लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे फक्त डोळा हलल्यानं दहाचा नऊ किंवा आठ. १० मीटरवर एअरगनला हाच स्कोप लावला तर चूक १८ मिलिमीटरपर्यंत जाते आणि चित्रही धूसर दिसतं. "एअरगनचा ग्रुपच येत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं आणि दोष बिचाऱ्या छर्र्यांना मिळतो.

म्हणून पॅरॅलॅक्स फिरवता येणारा स्कोप घ्या. पुढच्या भिंगावर कडी असेल तर तीही चालते, डाव्या बाजूला गोल चकती असेल तर बसल्या जागी फिरवायला सोपं. एअरगनसाठी तो १० मीटरपर्यंत खाली यायला हवा, हे बॉक्सवर वाचून नाही तर दुकानातच दहा पावलांवरच्या पाटीकडे पाहून ठरवा. डोळा वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. फुली पाटीवर घट्ट बसलेली राहिली तर जमलं. रायफलीवर न चढवता, टेबलावर टेकवलेल्या स्कोपनं ही परीक्षा दोन मिनिटांत होते. ज्या दुकानात ती करू देत नाहीत तिथून चहा पिऊन निघावं.

स्प्रिंगवाल्या एअरगनचा आणखी एक फंडा. रायफल फक्त मागे धक्का देते. स्प्रिंगची एअरगन आधी मागे आणि मग पिस्टन पुढे आपटला की पुढे, असा उलटसुलट झटका देते. मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेला महागडा स्कोपही त्यानं आतून ढिला होऊ शकतो. स्कोपवर 'स्प्रिंग एअरगनसाठी योग्य' असं निर्मात्यानं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. शिवाय माउंट मागे सरकू नये म्हणून स्टॉप पिन हवी. आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी एअरगनला हा त्रास नाही.

परवान्याचंही इथेच. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या आणि ४.५ मिलिमीटर नळीच्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. दुकानदार "साहेब, ५.५ पण चालते" असं म्हणाला तर ते त्याला चालतं, तुम्हाला नाही. पॉइंट टू-टू आणि त्यावरच्या रायफलींना परवाना लागतोच, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून सामान्य माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. घरात आजोबांची तीनशेपंधराची रायफल परवान्यावर असेल आणि तिच्यावर स्कोप बसवावासा वाटत असेल, तर आधी तिच्या वरच्या भागात माउंटसाठी आटे पाडलेले आहेत का ते पाहा. बहुतेक जुन्या रायफलींवर नसतात. एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ड्रिल मारून घेऊ, ही कल्पना डोक्यातून काढून टाका. परवान्याशिवाय शस्त्रात फेरफार करणं शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्यायचं. माझ्या मते तर त्या रायफलीला स्कोप लावूच नये. तिच्या गोळ्या महाग, रेंज दुर्मीळ आणि मूळ साइट तिच्या कामाला पुरेशी आहे.

क्लिकचं गणित एकदा समजून घेतलं की आयुष्यभर पुरतं. टरेट, म्हणजे स्कोपवरची नेम जुळवायची चकती, फिरवला की टिक वाजतो, तो एक क्लिक. बाजारात दोन पद्धती आहेत. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. तो १०० मीटरवर २९ मिलिमीटर होतो. पाव एमओएचा क्लिक १०० मीटरवर ७ मिलिमीटरच्या थोडा वर, ५० मीटरवर साडेतीन मिलिमीटरच्या जवळ. तीन क्लिक फिरवले की ५० मीटरवर गोळी दहाच्या वर्तुळाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते. दुसरी पद्धत मिलची. एक मिल १०० मीटरवर बरोबर १० सेंटिमीटर आणि तिचा दशांश क्लिक १ सेंटिमीटर. मीटर-सेंटिमीटरमध्ये वाढलेल्या आपल्या लोकांना मिल तोंडी हिशेबाला सोपी पडते. पण ५० मीटरच्या कागदावर पाव एमओएचा क्लिक जास्त बारीक पडतो, म्हणून नुसत्या कागदासाठी मी तोच सुचवीन. कुठलीही घ्या, फक्त आतल्या रेघा एका पद्धतीच्या आणि बाहेरचा टरेट दुसऱ्या पद्धतीचा असला खिचडी स्कोप घेऊ नका. स्वस्तात तो फार मिळतो.

फर्स्ट फोकल प्लेन की सेकंड, यावर नेमबाज मंडळी रात्री जागवतात. पहिल्यात पट वाढवली की फुलीही मोठी होते आणि तिच्यावरच्या खुणांचं माप कायम राहतं. दुसऱ्यात फुली तेवढीच राहते, खुणांचं माप एका ठरावीक पटीलाच खरं. ठरलेल्या अंतरावर कागदावर मारणाऱ्याला दुसरा प्रकार पुरतो, स्वस्त पडतो आणि फुली बारीक राहते. आत लाल दिवा नको. दिवसा तो दिसत नाही आणि रात्री तुम्ही बंदूक घेऊन कुठे जाणार?

नळी २५.४ मिलिमीटरची की ३० ची, यातही एक गैरसमज घट्ट आहे : जाड नळी जास्त उजेड देते. तसं नसतं. उजेड भिंग आणि त्यावरचा थर देतो. जाड नळीत आतली यंत्रणा जास्त सरकू शकते, म्हणून खूप लांबच्या पल्ल्यावर वर उचलायला जागा मिळते. ५० मीटरवाल्याला ती जागा लागत नाही. भिंगांवर 'फुल्ली मल्टिकोटेड' असा थर असावा आणि आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असावा, नाहीतर श्रावणातल्या पहाटे आत वाफ धरते. भिंगाची पारख करायची तर संध्याकाळी दुकानाबाहेर या आणि लांबच्या विजेच्या खांबावरची तार आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहा. तारेच्या काठाला जांभळी-हिरवी झालर दिसते का, चित्र कडेला फाटतं का, ते बघा. सूर्याकडे चुकूनही नाही. दोन वेगळ्या किमतींचे स्कोप शेजारी शेजारी धरले की जाहिरात वाचायची गरज राहत नाही.

डोळ्यापासूनचं अंतर, म्हणजे आय रिलीफ, ९ सेंटिमीटरच्या आसपास हवं. एअरगन आणि पॉइंट टू-टूला कमी असलं तरी चालेल, पण थर्टी-ओ-सिक्ससारख्या धक्क्याच्या रायफलीवर कमी आय रिलीफचा स्कोप भुवई फोडतो. त्याची खूण लपत नाही.

पैशांची वाटणी कशी करावी, याबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते विक्रेत्यांना आवडत नाही. स्कोपच्या बजेटमधून आधी माउंट आणि रिंगांचे पैसे बाजूला काढा. एअरगन आणि पॉइंट टू-टूवर बहुधा ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते, मोठ्या रायफलीवर वीव्हर किंवा पिकाटिनी पट्टी. चुकीची रिंग जबरदस्तीनं आवळली की ती महिन्याभरात सैल होते आणि मग माणूस स्कोप बदलतो. रिंगांचे स्क्रू आडव्या क्रमानं, थोडे थोडे आवळायचे. शक्य असेल तर टॉर्क रेंच वापरून १५ ते २० इंच-पाउंडांवर थांबायचं. ताकद दाखवली तर नळी चेपते.

फुली सरळ बसवायला गवंड्याचा ओळंबा सगळ्यात उत्तम. २०-२५ मीटरवर ओळंबा सोडा, वारा नसताना. रायफल सपाट टेकवा आणि फुलीची उभी रेघ दोरीला जुळवून मग रिंगा आवळा. फुली तिरकी राहिली तर वर उचललेल्या प्रत्येक क्लिकबरोबर गोळी थोडी बाजूलाही जाते, आणि माणूस वाऱ्याला शिव्या घालत बसतो.

बसवल्यावर स्कोप खरं बोलतो का ते तपासायचं. ५० मीटरवर नेम एकाच ठिपक्यावर धरून तीन गोळ्या झाडा. मग टरेट १० एमओए वर फिरवा, म्हणजे ४० क्लिक, आणि नेम त्याच ठिपक्यावर ठेवून पुन्हा तीन. दोन ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर १४५ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. ते १३० किंवा १६० आलं तर स्कोपचा क्लिक खोटा आहे. मग उजवीकडे, खाली, डावीकडे असे तेवढेच क्लिक देत चौकोन पूर्ण करा. शेवटचा ग्रुप पहिल्याच्या जागी परत आला पाहिजे. जो स्कोप परत येत नाही तो, कितीही स्वच्छ दिसला तरी, परत करायचा. ब्रँड कोणताही असो, हॉक, व्हॉर्टेक्स, ल्युपोल्ड किंवा चिनी, ही परीक्षा सगळ्यांना एकच. नामांकित नावांच्या नकला बाजारात आहेत, आणि निकॉननं रायफल स्कोपचं उत्पादन काही वर्षांपूर्वीच बंद केलं आहे. त्यामुळे 'नवा कोरा निकॉन' कोणी देऊ लागला तर तो जुना साठा आहे की नक्कल, हे विचारा.

झीरो, म्हणजे फुली जिथे तिथेच गोळी पडेल अशी जुळवणी, ज्या अंतरावर खेळता तिथेच करा. पॉइंट टू-टू ५० मीटरला झीरो केली आणि तशीच १०० मीटरला चालवली तर गोळी १५ ते २० सेंटिमीटर खाली पडते. हा फरक रेंजवर स्वतः मोजून वहीत लिहा, कारण गोळीच्या डबीवरचा वेग तुमच्या नळीतून निघतोच असं नाही. डिसेंबरातल्या पहाटे केलेलं झीरो मे महिन्यातल्या दुपारी थोडं सरकलेलं असतं, त्यात स्कोपचा दोष नसतो. आणि रेंजची सोय नाही म्हणून उघड्या माळावर झीरो करायचा विचार असेल तर त्याच डबीवर छापलेला धोक्याचा इशारा वाचा : पॉइंट टू-टूची गोळी दीड किलोमीटरपेक्षा लांब जाऊ शकते. कडक मुरमाला लागली तर उसळून कोणीकडेही जाते. माळ रिकामा दिसतो, पण त्यात मेंढरं असतात आणि त्यांच्यामागे माणूस असतो. सुप्याहून बालेवाडी सुमारे १०० किलोमीटर आहे. महिन्यातून एक फेरी परवडते.

रेंजवर जाताना दुसरी दुर्बीण लागते ती छिद्रं बघायची, स्पॉटिंग स्कोप. ५० मीटरवर साडेपाच मिलिमीटरचं छिद्र काळ्या भागात साध्या डोळ्यांना दिसत नाही. रायफलीपासून वेगळा, स्टँडवर ठेवलेला स्पॉटिंग स्कोप ऑलिंपिक प्रकारांतही चालतो. २० ते ६० पटीचा, ६० ते ८० मिलिमीटर भिंगाचा घ्या. तिरक्या आयपीसचा असेल तर झोपून मारताना मान न उचलता पाहता येतं. इथेही ४० पटीच्या वर दुपारी फक्त लाटा दिसतात.

आणि प्राणी बघायचे असतील तर साधी दोन डोळ्यांची दुर्बीण. रायफलीच्या स्कोपमधून चिंकारा शोधणं म्हणजे नळी त्याच्यावर, किंवा त्याच्या मागच्या बांधावर बसलेल्या माणसावर रोखणं. नेमबाजीचा पहिला नियम तिथेच मोडतो. ८×४२ ची दुर्बीण घ्या. झोत सव्वापाच मिलिमीटरचा, म्हणजे उजाडतानाही पुरेसा, आणि हात थरथरला तरी चित्र फार हलत नाही. १०×४२ घेण्याचा मोह होतो, पण उभ्यानं, वाऱ्यात, ती स्थिर राहत नाही. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं, १९८० साली काळविटांसाठी घोषित झालेलं. तिथे आठ पट पुष्कळ होते. चिंकारा पाहायला मयूरेश्वर अभयारण्यात जायचं असेल तर एक सूचना. ते ज्या सुप्याजवळ आहे ते बारामती तालुक्यातलं सुपे, आपलं पारनेरचं सुपा नव्हे. नकाशात नुसतं 'सुपा' टाकून निघालेली मंडळी आमच्या एमआयडीसीच्या चौकात येऊन हरणं कुठे आहेत ते विचारतात.

भिंगं पुसताना उपरण्याचं टोक वापरू नका. इथली धूळ मुरमाची असते, ती आधी फुंकणीनं आणि मऊ ब्रशनं उडवायची, मग भिंगाच्या कापडानं हलक्या हातानं गोल पुसायचं. मे महिन्यात स्कोप गाडीच्या डिकीत ठेवू नका, आतली सीलं आणि वंगण दोन्ही त्या उष्णतेनं खराब होतात. परदेशातून मागवणार असाल तर पैसे भरण्याआधी कस्टमचा नियम लेखी विचारा. इथूनच घेणार असाल तर पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, आणि चौकोनाच्या परीक्षेत स्कोप नापास झाला तर किती दिवसांत परत घेणार, ते दुकानदाराला त्याच बिलावर लिहायला लावा.